१९८३ सालची नॅरोबोट: घ्यावी का, आणि दुरुस्तीत कुठलं काम कोणी करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ग्रँड युनियन कालव्यावर तुम्ही ५२ फूट लांबीची, १९८३ साली बांधलेली पोलादी नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची अरुंद, लांबट बोट, पाहिली आहे. मूळ पत्रा तळाला ६ मिलिमीटर, बाजूंना ५ आणि केबिनला ३. इंजिन लिस्टर एसआर२. सर्व्हेअरच्या, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालात तळाची बरीच मोजमापं ४ मिलिमीटरच्या खाली आहेत, पाण्याच्या रेषेलगत खड्डे आहेत, आणि पत्र्याचं काम झाल्याशिवाय सर्वंकष विमा मिळणार नाही असं विमा कंपनीने कळवलं आहे. एका यार्डाने, म्हणजे बोटदुरुस्तीच्या कारखान्याने, सगळ्या तळावर आणि बाजूंवर नवा पत्रा चढवायचा सल्ला दिला आहे. तुम्हाला हत्यारं चालवता येतात, सुतारकामाची आवड आहे. तुम्ही विचारता की ही बोट घ्यावी का, आणि घेतली तर स्वतः काय करावं आणि मरीन इंजिनिअरवर काय सोपवावं. वहिनींचा वेगळा प्रश्न आहे: काम चालू असताना बोटीतच राहता येईल का?

बोट घ्यायला हरकत नाही. पण किंमत ठरवण्याआधी आणखी एकदा निदानावर पैसे खर्च करा, आणि ते निदान दुरुस्ती करणाऱ्या यार्डाकडून घेऊ नका. मी मुंबईहून व्यापारी जहाजांवर गेलो, बरीच वर्षं इंजिनरूममध्ये काढली, आणि आता इथे मिडलँड्समध्ये, इंग्लंडच्या मध्य भागात, याच बोटींची कामं करतो. मालक आम्हाला बोलावतात ते पाना फिरवायला. आमची खरी गरज त्याआधी असते: काय बिघडलंय, किती बिघडलंय आणि कुठल्या क्रमाने हात घालायचा हे ठरवताना. क्रम बरोबर लागला की निम्मी कामं मालक स्वतः करू शकतो. क्रम चुकला तर चांगल्या कारागिराचं चांगलं कामही दुसऱ्या वर्षी उखडावं लागतं. आत सुंदर पॅनलिंग झालं आणि मग कळलं की त्याच्याच मागच्या पत्र्याला वेल्डिंग हवंय, असं इथे सर्रास घडतं.

या बोटींचं दुखणं त्यांच्या आकारातूनच येतं, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. जेम्स ब्रिंडलीने १७६६ मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम हाती घेतलं तेव्हा तिथल्या अरुंद लॉकची (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाची) रुंदी साधारण ७ फूट ठेवली, आणि मिडलँड्समधल्या बऱ्याच कालव्यांनी तेच माप उचललं. त्यामुळे आजही नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते, मग लांबी ३० फूट असो की ७०. तळ सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, आणि बोट स्थिर बसावी म्हणून केबिनच्या जमिनीखाली विटा, फरशा किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांची भरताड. पाणी गोडं, उथळ आणि संथ, वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. लाटा नाहीत, खार नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण पोलाद वर्षाचे बारा महिने पाण्यात असतं आणि दोन्ही अंगांनी झिजत असतं.

बाहेरून ते पाण्याच्या रेषेवर झिजतं, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. तळ आणि बाजू जुळतात तो कोपरा काठाच्या दगडांवर घासतो, तिथला रंग सगळ्यात आधी जातो. आतून होणारी झीज मला जास्त काळजीची वाटते, कारण ती दिसत नाही. खिडक्यांच्या कडेने झिरपलेलं पाणी, थंडीत पत्र्यावर धरणारा दव, शॉवरच्या ट्रेमधली गळती, हे सगळं विटांच्या खाली जाऊन साचतं. बोट मागच्या बाजूला किंचित जड बसलेली असते, त्यामुळे हे पाणी केबिनच्या सगळ्यात मागच्या टोकाला गोळा होतं. तुम्ही पुन्हा बोट पाहायला जाल तेव्हा तिथल्या जमिनीत तपासणीचं झाकण आहे का ते बघा. असेल तर उघडून हात घाला. कोरडं असेल तर या बोटीच्या मालकांनी तिची निगा राखली आहे असं समजायला बराच आधार मिळतो. पाणी असेल तर ते कुठून आलं हे शोधेपर्यंत बाकी सगळं थांबवा. झाकणच नसेल तर ते करून घेणं हे तुमचं पहिलं सुतारकाम.

आता सर्व्हेचा अहवाल. ४ मिलिमीटर हा आकडा कायद्यातला नाही, विमा कंपन्या आणि सर्व्हेअर यांच्यात रूढ झालेली ती मर्यादा आहे. पण ती पाळावी लागते, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. वाद घालायचा तो तपशिलावर. अल्ट्रासोनिक गेजने, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेली सरसकट जाडी आणि खड्ड्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळ सगळीकडे ३.८ मिलिमीटर झाला असेल तर पत्रा म्हातारा झालाय. पण बाजूचा पत्रा ४.८ आहे आणि त्यात काही ठिकाणी १.५ मिलिमीटरचे खड्डे आहेत, तर पत्रा धडधाकट आहे आणि खड्डे वेल्डिंगने भरता येतात. दोन्हीवर एकच औषध देणं चुकीचं.

सर्व्हेअरला फोन करून विचारा: मोजमापं किती अंतरावर घेतली? पत्रा खरवडून घेतली की रंगावरून? ४ च्या खालची मापं एका पट्ट्यात आहेत की विखुरलेली? खड्ड्यांची खोली पिट गेजने, म्हणजे खोली मोजणाऱ्या साधनाने, मोजली की अंदाजाने लिहिली? आणि पाणी ढवळणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर, मागच्या टोकाखाली जो आडवा पत्रा असतो, ज्याला इथले लोक अक्सटर प्लेट म्हणतात, तिथे गेज लावला का? ती जागा अडचणीची असते आणि आतल्या बाजूला इंजिनखालचं तेलकट पाणी तिथेच साचतं. चांगला सर्व्हेअर या प्रश्नांनी नाराज होत नाही. आयआयएमएस किंवा वायडीएसए या सर्व्हेअरांच्या संस्थांचे सदस्य असलेले सर्व्हेअर शोधा. मूळ अहवाल विकणाऱ्याने करून घेतला असेल तर स्वतःच्या पैशाने नवा सर्व्हे करून घ्या, कारण सर्व्हेअरची जबाबदारी त्याला ज्याने नेमलं त्याच्याशी असते.

यार्डाने सुचवलेल्या उपायाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करणं, म्हणजे ओव्हरप्लेटिंग, हा मान्य उपाय आहे आणि नीट केला तर बोटीला पुष्कळ आयुष्य मिळतं. पण त्याचं वजन बघा. एक चौरस मीटर, ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे ४७ किलो भरतो. तुमच्या बोटीचा तळ ढोबळमानाने २८ चौरस मीटर धरला तर १.३ टन झाले. बाजूंना पाण्याच्या रेषेच्या थोडं वरपर्यंत ५ मिलिमीटरचा पत्रा लावला तर आणखी ०.९ टन. एवढ्या मापाची बोट टनामागे साधारण ३५ मिलिमीटर खाली बसते. नवा पत्रा स्वतः जे पाणी बाजूला सारतो ते वजा केलं तरी बोट ६० ते ७० मिलिमीटर खाली जाईल.

ऐकायला हे थोडं वाटतं. पण याच बाजूंवर इंजिनरूमचे हवेचे झरोके आहेत, एक्झॉस्टचं तोंड आहे, सिंकचं पाणी जाण्याची भोकं आहेत, आणि पुढे गॅसच्या टाक्यांच्या कप्प्याचं निचऱ्याचं भोक आहे. ती सगळी पाण्याच्या तेवढी जवळ येतात. लॉकमध्ये बोट जराशी कलली की कालव्याचं पाणी थेट आत. म्हणून ओव्हरप्लेटिंगचा प्रस्ताव देणाऱ्या प्रत्येकाला विचारा की आतली भरताड किती काढणार, बोटीचा तोल कोण तपासणार आणि ही भोकं वर घेण्याचं काम दरपत्रकात धरलंय का. या प्रश्नाला उत्तर नसलेल्या यार्डाला काम देऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे खराब पत्रा कापून काढून तिथे नवा बसवणं. वजन वाढत नाही आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरून गंज चढण्याची शक्यता उरत नाही. पोलाद म्हणून हे काम श्रेष्ठ, पण आतली जमीन, भरताड, भिंतीचे फळे, सगळं त्या भागातून काढावं लागतं. तुमच्या बोटीचं आतलं सामान चाळीसएक वर्षांचं आहे आणि ते तुम्ही बदलणारच आहात, तेव्हा हा पर्याय तुम्हाला इतरांपेक्षा स्वस्त पडेल. अहवालातली मापं पट्ट्यात आली असतील तर माझा कल असा राहील: तळाच्या मागच्या भागात कापून नवा पत्रा, उरलेल्या तळावर दुहेरी पत्रा, बाजूंचे खड्डे वेल्डिंगने भरणं. पण हा निर्णय पत्रा उघडा झाल्यावर, सर्व्हेअर आणि वेल्डर दोघांना एकत्र उभं करून घ्यायचा.

वेल्डिंग तुम्ही करू नका. गेट आणि ग्रिल वेल्ड करता येणं वेगळं आणि पाण्याखाली जाणारा सांधा, तोही पाठीवर झोपून, डोक्यावरच्या पत्र्यावर मारणं वेगळं. नव्या पत्र्याची कड धडधाकट जुन्या पत्र्यावरच उतरली पाहिजे, कोपरे गोल कापलेले पाहिजेत, आणि जुनं डांबर सांध्याच्या जागेवरून पूर्ण घासून काढलेलं पाहिजे, नाहीतर वेल्डमध्ये भोकं राहतात. आत-बाहेर घासण्याचं, खरवडण्याचं काम मात्र तुम्ही नक्की करा. यार्डाच्या बिलातला मोठा हिस्सा अशा अंगमेहनतीचा असतो, आणि ती करताना तुम्हाला तुमच्या बोटीचा इंच न इंच कळतो.

आगीबद्दल मात्र ठामपणे सांगतो. वेल्डिंग बाहेरून होत असलं तरी पत्र्याची आतली बाजू लालबुंद तापते. त्या काळच्या बोटींत पत्र्याला लागून पॉलिस्टायरीन किंवा फवारलेला फोम, त्यावर लाकूड. फोम आतल्या आत धुमसतो, धूर दिसेपर्यंत केबिन हातची गेलेली असते. जिथे वेल्डिंग होणार तिथलं आवरण दोन्ही बाजूंनी चांगलं हातभर काढून पत्रा उघडा करा. आत एक माणूस पाण्याची नळी आणि अग्निशामक घेऊन उभा हवा, आणि काम थांबल्यावरही तो निदान तासभर तिथेच हवा. हे काम तुम्ही घ्या, तुमच्याइतकी काळजी दुसरा घेणार नाही. त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवा, गॅसच्या टाक्या बोटीवरून उतरवा, डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी रिकामी करून वायुमुक्त करून घ्या. वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप कामाच्या जागेजवळच लावायला सांगा. तो लांब, इंजिनच्या चौकटीवर लावला तर करंट शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) आणि बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब करतो. जुन्या बोटींत एक्झॉस्टच्या वेष्टणात अॅस्बेस्टॉस सापडू शकतो. संशय आला तर खरवडू नका, नमुना तपासून घ्या.

पत्रा झाला की त्याचं रक्षण. डांबराचा काळा लेप दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो आणि तो तुम्ही स्वतः देऊ शकता. दोन घटकांचा इपॉक्सी जास्त टिकतो, पण त्यासाठी पत्रा ग्रिट ब्लास्ट करून, म्हणजे कणांचा जोरदार मारा करून, पांढराशुभ्र करावा लागतो आणि हवेचं तापमानही सांभाळावं लागतं. डांबरावर इपॉक्सी धरत नाही. आता ब्लास्टिंग करायचंच असेल तर इपॉक्सीवर खर्च करा, कारण एवढा स्वच्छ पत्रा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. तळालाही लेप द्या. पूर्वी तळ तसाच सोडायची रीत होती, ती मला पटत नाही.

अॅनोडबाबत, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांबाबत, समुद्रावरून आलेल्या आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. जहाजावर आपण झिंकचे अॅनोड लावतो आणि हाताला तीच सवय असते. कालव्याच्या गोड्या पाण्यात झिंक जवळजवळ निष्क्रिय राहतं, इथे मॅग्नेशियमच हवं. ५२ फुटांच्या बोटीला पुढे दोन आणि मागे दोन अॅनोड वेल्ड करून घ्या, आणि त्यांवर रंग लागू देऊ नका. मरीनामध्ये काठावरची वीज घेणार असाल तर अर्थच्या तारेतून येणारा करंट अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा त्याहून चांगला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. नाहीतर अर्थच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचे अॅनोड त्यांच्या पत्र्यासाठी झिजतात. त्यानंतर झिजतो तुमचा पत्रा.

इंजिनबद्दल तुम्ही घाबरला आहात तितकं घाबरायचं कारण नाही. ग्लॉस्टरशरमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कारखान्याची ही इंजिनं आहेत. एसआर२ दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, साधं आणि दणकट. प्रत्येक सिलिंडर आणि त्याचं हेड स्वतंत्र असल्यामुळे एकेक काढून दुरुस्त करता येतं. सुटे भाग अजून मिळतात. आवाज मोठा आहे, त्याची सवय करावी लागेल. पण केवळ जुनं म्हणून ते काढून नवं बसवू नका. नवं इंजिन म्हणजे नवे पाय, नवं कपलिंग, नवा एक्झॉस्ट, आणि ते पाण्याने थंड होणारं असेल तर बोटीच्या बाजूला आतून वेल्ड केलेली, इंजिनचं गरम पाणी पत्र्यातून कालव्याच्या पाण्याने थंड करणारी स्किन टँक. ती टाकी किती मोठी लागेल याचा इथला ढोबळ नियम असा की दर ४ अश्वशक्तीला १ चौरस फूट पत्रा पाण्याशी लागलेला हवा. पुढे कधी इंजिन बदलण्याचा विचार असेल तर ही टाकी आत्ताच, पत्र्याच्या कामासोबत करून घेता येईल. नंतर त्यासाठी पुन्हा बोट बाहेर काढावी लागते.

इंजिनिअरला बोट दाखवायला न्याल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे. विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवलं असेल तर त्या दिवशी पाहणी न करता निघून या. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात जावा. निळा टिकला तर तेल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड. लोड घेताना काळा धूर दाटला तर इंजेक्टर, हवेची अडचण किंवा बोटीला न शोभणारा मोठा प्रोपेलर. तेलाची पातळी वाढलेली असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. तसं इंजिन चालवत राहिलं तर पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग जातात. एसआर२ मध्ये मी सगळ्यात आधी बघतो ते गरम हवा बाहेर नेणारं डक्ट. ते फाटलं की इंजिन आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि तापतं, आणि लोक हेड उघडायला धावतात. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि टाकीच्या तळातून डिझेलचा नमुना काढा. त्यात पाणी आणि काळी चिकट घाण निघाली तर टाकी साफ करणं हे इंजिनला हात लावण्याआधीचं काम.

बोट ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, असतानाच शाफ्ट तपासा. प्रोपेलर धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग बदलायची वेळ हीच. आत ग्लँडमधलं (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागातलं) ग्रीस लावलेलं दोरीचं पॅकिंग पूर्ण काढून नवं भरा, जुन्यावर एक कडं चढवून भागवू नका. प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून फिरवून ठेवायचा. शाफ्ट फिरत असताना अधूनमधून एखादा थेंब यावा आणि ग्लँड हाताला कोमट लागावा. पोळत असेल तर जास्त आवळलाय. दिवसाच्या शेवटी ग्रीसरला एक फेरा दिला की गळती थांबली पाहिजे. हे मालकाचं रोजचं काम आहे, इंजिनिअरकडून एकदा शिकून घ्या.

इंजिन आणि शाफ्टची रेषा जुळवणं मात्र त्याच्यावर सोडा, आणि ते बोट पाण्यात उतरल्यावर, टाक्या आणि भरताड जागेवर असताना करायला सांगा. कोरड्या डॉकमध्ये जुळवलेली रेषा पाण्यात तशीच राहील याची खात्री नसते. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमधली (फ्लँजमधली) फट चार ठिकाणी फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजतात. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच, हा फरकाचा सर्वमान्य अंदाज. म्हणजे ४ इंची फ्लँजला जेमतेम ०.१ मिलिमीटर. इंजिनखालचे रबरी पाय नवे असतील तर ते काही तास चालल्यावर दबतात, तेव्हा दुसरी फेरी आधीच ठरवून ठेवा. प्रोपेलरवरचं गवत काढण्यासाठी जी उभी पेटी असते, वीड हॅच, तिचं झाकण, रबर आणि आवळणारी पट्टी नवी करा. ते झाकण सैल राहिल्याने बऱ्याच नॅरोबोटी बुडाल्या आहेत. प्रोपेलरचा झोत पाणी वर ढकलतो आणि इंजिनरूम भरते.

गॅस आणि वीज याबद्दल थोडक्यात. कालव्यावर परवाना मिळायला बोट सेफ्टी स्कीम या सुरक्षा तपासणी योजनेचं प्रमाणपत्र लागतं, ते चार वर्षांनी नवं करावं लागतं. १ एप्रिल २०१९ पासून त्यात कार्बन मोनॉक्साइड अलार्मही सक्तीचा आहे. गॅसचं कुठलंही काम गॅस सेफ ही गॅस कारागिरांची नोंदणी असलेल्या आणि त्या नोंदणीत बोटींवरचा एलपीजी समाविष्ट असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो तळात साचतो आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने निघून जात नाही. बारा व्होल्टची वायरिंग तुम्ही आखू शकता, ओढू शकता. आराखडा आणि शेवटची जोडणी जाणकाराकडून तपासून घ्या. घरातली एकतारी केबल वापरू नका, कंपनाने ती तुटते. आणि तारेची जाडी फक्त अँपिअर बघून ठरवू नका. १२ मीटर लांबच्या, ५ अँपिअर घेणाऱ्या फ्रिजला व्होल्टेज ३ टक्क्यांहून जास्त पडू नये म्हणाल तर ६ चौरस मिलिमीटरची तार लागते. जुन्या पीव्हीसी तारा पॉलिस्टायरीनला चिकटून राहिल्या असतील तर त्यांचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. त्या सगळ्या काढून टाका.

माणसं निवडताना पदवीपेक्षा तो कोणत्या बोटींवर काम करतो ते विचारा. मोठ्या जहाजांवरून आलेला माणूस इंजिनात तरबेज असला तरी सपाट तळाची, उथळ पाण्यातली बोट त्याला नवी असते. इथे आल्यावर मलाही हे जुन्या कालवेवाल्यांच्या हाताखाली शिकावं लागलं आणि त्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. ज्याने लिस्टर उघडली आहेत त्याच्याकडे जा. कामाचा तपशील लेखी घ्या: डॉकचं भाडं, ब्लास्टिंग, अॅनोड, पत्रा उघडल्यावर वाढीव काम निघालं तर त्याचा दर, आणि काम झाल्यावर सर्व्हेअरची पुन्हा तपासणी, कारण विमा कंपनीला त्याचं पत्र लागेल. स्वतः काम करू देणारं यार्ड शोधा, सगळीच देत नाहीत. वेल्डिंगच्या काळात विमा कोणाचा लागू आहे हेही लिहून घ्या. ड्राय डॉक काही महिने आधी ठरवावी लागते. कालवे सांभाळणारा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट मोठी दुरुस्ती साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढतो, तेव्हा काही लॉक बंद असतात. डॉकपर्यंतची वाट त्या काळात उघडी आहे का ते बघूनच तारीख घ्या.

वहिनींना सांगा, पत्र्याचं काम चालू असताना बोटीत राहता येणार नाही. जमीन उघडी असते, गॅस उतरवलेला असतो, धूळ आणि धूर असतो. तेवढ्या काळाचं भाडं अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत धरा. त्यानंतर, गॅस आणि वीज प्रमाणित झाल्यावर, एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाचं सुतारकाम करता येतं. बरीच जोडपी तसंच करतात.

एक खुलासा, कारण पुढे कोणी तुम्हाला याहून जुनी बोट दाखवेल. १९३० च्या दशकात ग्रँड युनियन कंपनीसाठी हार्लंड अँड वुल्फने वुलिचला आणि यारवुड्सने नॉर्थविचला ज्या मालवाहू नॅरोबोटी बांधल्या, त्यांतल्या काही आजही चालतात. त्या रिव्हेट मारलेल्या, काहींचा तळ मुळात एल्म लाकडाचा. त्यांच्यावर वर लिहिलेलं सरसकट लागू करू नका. रिव्हेटच्या बोटीवर डोळे झाकून दुहेरी पत्रा चढवला तर तिचं ऐतिहासिक मोल जातं, आणि शेजारच्या रिव्हेट तापून गळू लागतात. तशा बोटीसाठी आधी हिस्टॉरिक नॅरो बोट क्लबच्या मंडळींशी बोला.

तर आता क्रम. या आठवड्यात सर्व्हेअरला फोन, वर दिलेले प्रश्न, आणि मोजमापांचा पूर्ण नकाशा मागवा. मग लिस्टरच्या जाणकाराला थंड इंजिनावर बोलवा, अर्ध्या दिवसाचे पैसे द्या आणि त्याने काढलेले दोष लेखी घ्या. हे दोन कागद घेऊन दोन यार्डांकडून दरपत्रक मागवा, एक कापून बदलण्याचं आणि एक दुहेरी पत्र्याचं, दोन्हीत वजन आणि भोकांचा हिशोब धरून. विकणाऱ्याला जी किंमत सांगाल ती त्या दरपत्रकाची रक्कम वजा करून सांगा, आणि अनामत देताना पत्रा उघडल्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काम निघालं तर व्यवहार सोडण्याची मुभा करारात लिहून घ्या. विकणारा या अटीला तयार नसेल तर ही बोट सोडा. तयार झाला, तर ग्राइंडर, मास्क आणि कानाला लावायचे मफ विकत घ्या, डॉकमध्ये बोट चढली की पहिल्या दिवसापासून तुमचं काम सुरू होईल.